छाट धरून

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२४ च्या जुलैपासून आमच्या घरचा हिशेब माझ्याकडे आहे. मी बी.कॉम.ला आहे म्हणून तो माझ्याकडे दिला असं आई सगळ्यांना सांगते. खरं कारण वेगळं आहे. बाबा उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहेत. त्या जूनमध्ये ऑर्डरी कमी झाल्या, ओटी बंद झाला आणि महिन्याला येणारे तीन-साडेतीन हजार रुपये थांबले. त्याच महिन्यात धाकट्या भावाला डिप्लोमाला प्रवेश मिळाला. पैसे कमी पडायला लागले की घरात प्रश्न सुरू होतात. "ह्या महिन्यात एवढं कशाला लागलं?" हा प्रश्न नवऱ्यानं बायकोला विचारला की भांडण, बायकोनं नवऱ्याला विचारला की त्याहून मोठं भांडण. तोच पोरीनं वही पुढ्यात घेऊन विचारला तर नुसता हिशेब. आईबाबांनी हे आपसात न बोलताच ठरवलं असावं.

मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिही म्हटल्यावर मैत्रिणी पाऊस, गाव, आई असे विषय सुचवत होत्या. माझ्याकडे वर्षभराची दोनशे पानी वही होती, तिच्यातलंच थोडं लिहिते. घरच्यांना विचारून लिहिते आहे. कुठले आकडे छापायचे नि कुठले नाही, तेही त्यांनीच सांगितलंय.

वर्गात आम्हाला ५०-३०-२० चा नियम शिकवला होता. अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरेन, ज्या पुढे सिनेटर झाल्या, आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरेन त्यागी यांनी २००५ साली 'ऑल युवर वर्थ' या पुस्तकातून तो लोकांपर्यंत नेला. हाती येणाऱ्या पैशातले ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौसेमौजेला, २० टक्के बचतीला आणि कर्जफेडीला. ऐकायला सोपं, लक्षात ठेवायलाही सोपं. मी पहिल्याच महिन्यात घरचे आकडे त्यात बसवायला घेतले.

ओटी सोडून बाबांचा हाती येणारा पगार १७,४००. आईची ब्लाउजशिलाई आणि फॉल-पिको मिळून, दोरा-अस्तराचा खर्च वजा जाता, सरासरी ५,५००. एकूण २२,९००. त्याचे निम्मे ११,४५०. आता खर्चाची बाजू. किराणा ६,५००. भाजी, अंडी आणि रविवारचं मटण नाहीतर मासे धरून २,८००. दूध १,३००, गॅस ७५०, बाबांचं पेट्रोल १,५००, आजीची बीपी-शुगरची औषधं ९००, चार फोनची रिचार्जं ९००, आम्हा दोघांचा कॉलेजचा वरखर्च १,५००, विम्याचा हप्ता १,१५०, भिशी १,०००, घरपट्टी-पाणीपट्टीसाठी बाजूला ३००. बेरीज १८,६००. यात कपडे नाहीत, लग्नातले आहेर नाहीत, गणपती नाहीत, दवाखाना नाही. भिशी आणि विमा बचतीत टाकले तरी गरजा ७२ टक्क्यांच्या आसपासच राहतात. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंबखर्चाच्या सर्वेक्षणात शहरी भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला होता. आम्ही पाच माणसं. त्या हिशेबानं आमचा खर्च ३५ हजारांच्या घरात जायला हवा. म्हणजे आम्ही सरासरीच्या बऱ्याच खाली आहोत. हे ऐकून बाबा म्हणाले, "सरासरीला म्हणावं, महिना काढून दाखव."

पण नुसते पैसे कमी म्हणून नियम बसत नव्हता असं नाही. त्या नियमात एक माणूस आहे, त्याचा एक पगार आहे आणि तो एका तारखेला येतो. आमच्याकडे पैसा चार वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेचं कॅलेंडर वेगळं. बाबांचा पगार ७ तारखेला बँकेत. आईचा पैसा ब्लाउजागणिक, रोख. लग्नसराईत रात्री बारापर्यंत मशीन चालू आणि आषाढात, पितृपक्षात दिवसाला एक ब्लाउज आला तरी खूप. तिसरी वाट मामाची. आईचं माहेर चंदगड तालुक्यातलं. सुगी झाली की मामा भाताचं एक पोतं पाठवतो. त्याची रक्कम जमेला लिहायची की नाही यावर माझा आणि भावाचा एक अख्खा रविवार गेला. सरकारी सर्वेक्षणात घरचं पिकलेलं, भेट आलेलं धान्यसुद्धा किंमत लावून धरतात, म्हणून मीही किंमत लावली. आईनं ती ओळ खोडायला लावली. "भावानं दिलेलं असलं काही लिहू नये. उद्या त्याच्या पोरीच्या लग्नात काय घालायचं ते मी बघतो," म्हणाली. खरं तर तिथंच किंमत लागली होती, फक्त ती तिच्या डोक्यात होती, माझ्या वहीत नव्हती. चौथी वाट आजीची. तिच्याबद्दल पुढे लिहिते, कारण हा लेख मुख्यतः तिच्यामुळेच आहे.

आईची स्वतःची पद्धत होती आणि अजून आहे. ब्लाउजांच्या उरलेल्या कापडाचे तिनं लहान-लहान बटवे शिवलेत. निळा गॅसचा, जरीकाठाचा सणाचा, चौकड्याचा दवाखान्याचा. पगार झाला की बाबा ठरलेली रक्कम काढून देतात, ती या बटव्यांत वाटली जाते आणि ज्याचं त्यातूनच जातं. आमच्या सरांनी एकदा सांगितलं होतं की 'बजेट' हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या चामड्याच्या लहान पिशवीच्या नावावरून आलाय. हे आईला सांगितल्यावर तिनं विचारलं, "मग तुम्ही कॉलेजात तीन वर्षं काय शिकूलालाय?"

बटव्यांची एक अडचण मात्र आहे. महिन्याचा खर्च त्यांत बसतो, वर्षाचा बसत नाही. आणि आपल्याकडे घर महिन्यावर चालत नाही, वर्षावर चालतं. मार्चमध्ये चटणीची मिरची घ्यायची, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी. डाळी घ्यायच्या, त्या उन्हात वाळवून ठेवायच्या. एप्रिलमध्ये घरपट्टी, कारण त्या महिन्यात भरली की ५ टक्के सूट. जूनमध्ये फी. मग गणपती, मग दिवाळी. दिवाळीला बोनस येतो, कायद्यानं किमान ८.३३ टक्के, पण येण्याआधी तीन महिने तो खर्च होऊन बसलेला असतो. याला बेगमी असा चांगला शब्द मराठीत आहे. मी वहीच्या पहिल्या पानावर बारा महिन्यांचे बारा चौकोन काढले आणि प्रत्येकात त्या महिन्याचा मोठा खर्च लिहिला. सगळ्यांची बेरीज करून बाराने भागलं. महिन्याला २,९०० आले. हे पैसे आधी बाजूला काढायचे आणि मग बाकीचं घर. वर्षभरात मी केलेलं सगळ्यात उपयोगाचं काम म्हणाल तर हेच. बाकी खर्च लिहून ठेवल्यानं काही कमी होत नाही. झाला तर थोडा वेळ लाजतो, एवढंच.

आता आजी.

कर्नाटकात २०२३ च्या ऑगस्टपासून गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये मिळतात, ते घरातल्या कर्त्या बाईला. कर्ती बाई कोण, ते रेशनकार्डावर ठरतं, आणि आमच्या कार्डावर पहिलं नाव आजीचं आहे. ती ७४ वर्षांची आहे. पैसे तिच्या खात्यावर येतात, मेसेज माझ्या फोनवर येतो, पासबुक तिच्या ट्रंकेत असतं. चंदगडची मावशी याच्यावरून आईला फार चिडवते. तिकडे २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० सुरू झाले, आणि ते मावशीच्या स्वतःच्या खात्यावर येतात. "तुझं सरकार सासूला देतंय, माझं मला देतंय," असं ती फोनवर म्हणते. आई म्हणते, "तुला पंधराशे, हितं दोन हजार." मावशी म्हणते, "पण तुला किती?" यावर आई फोन माझ्याकडे देते. मध्ये फक्त शिनोळीचा नाका आहे. आजी नाक्याच्या पलीकडे असती तर तिला एक रुपया मिळाला नसता, तिकडे वयाची अट ६५ पर्यंत आहे. इकडे तीच घरची लक्ष्मी.

समोरच्या काकूंचं बीपीएल कार्ड आहे. त्यांच्याकडे अन्नभाग्यचे पैसे यायचे, माणशी ५ किलो तांदळाऐवजी १७० रुपये, तेही घराच्या कर्त्या माणसाच्या, म्हणजे त्यांच्या सासूच्या खात्यावर. २०२५ च्या फेब्रुवारीपासून पैशांऐवजी पुन्हा तांदूळ द्यायला लागले. सगळे म्हणाले, तेच की, तांदूळ काय नि पैसे काय. काकू म्हणाल्या, तेच कसं? पैसे सासूचे होते, तांदूळ सगळ्यांचा आहे. माझ्या पाठ्यपुस्तकात हे कुठे नाही आणि असायला हवं असं मला वाटतं.

तर जुलैत भावाच्या फीसाठी पैसे लागले. फी, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान, वर्कशॉपचे कपडे सगळं धरून २२,०००. आईनं भिशीतल्या बायकांना सांगून नंबर अदलाबदल करून घेतला. बारा जणींची हजाराची भिशी, तिचे १२,००० आधी उचलले, त्यातले ७,००० फीला आणि बाकीचे गणपतीला ठेवले. राहिले १५,०००. आजीच्या खात्यावर त्या वेळी २० हजारांच्या वर होते. हे मला माहीत होतं, कारण मेसेज मीच वाचून दाखवायची. आईबाबांनाही अंदाज होता.

जेवणं झाल्यावर बाबांनी विषय काढला. "आई, ते पैसे बँकेत पडूनच हायत न्हवं?"

"पडून कशानं असतील? मी ठेवलेत ते."

आई आतून म्हणाली, "घरातल्या घरात कसलं तुझं-माझं, आत्ती?"

आजी शांतपणे म्हणाली, "तुझं शिलाईचं पैसं कुठं जातंय, मी कधी विचारलं काय?"

यावर कोणी काही बोललं नाही. टीव्हीवर बातम्या चालू होत्या त्या भावानं बंद केल्या. मग आजीच म्हणाली, "देतो मी. पण वहीत लिहायचं. उसनं म्हणून. म्हैन्याला हजार परत."

"पोराकडनं लिहून घेणार तू?" बाबांचा आवाज एकदम चढला.

"पोराकडनं न्हवं. घराकडनं."

अकाउंटन्सीच्या पहिल्या धड्यात शिकवतात की धंदा वेगळा आणि मालक वेगळा. मालकानं धंद्यात घातलेलं भांडवलसुद्धा धंद्याच्या दृष्टीनं देणं असतं. वर्गात हे कुणालाच पटत नाही. आपलेच पैसे आपणच आपल्याला कसे देणं लागतो? आजी चौथीपर्यंत शिकलीय. मी वहीत ओळ काढली: 'आजीची उसनवारी, १५,०००.' तिनं ती वाचून घेतली आणि खाली सही केली. बाबांना सही कर म्हणाली नाही. ते उठून बाहेर गेले होते.

आईला ही गोष्ट लागली. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्यासमोर म्हणायची, "स्वतःच्या घरात कर्ज काढाय लागलं." मला दोघींची बाजू कळत होती. हप्त्याला अडकलेली घरं आमच्याच गल्लीत आहेत. आठवड्याच्या वसुलीला कर्ज देणारी माणसं येतात, बायका मागच्या दारानं निघून जातात. त्यापेक्षा आजीचं बिनव्याजी कर्ज शंभर पटीनं बरं. पण आई ज्या घरात वीस वर्षं पहाटे उठून राबते, त्या घराला सासूनं 'घर' असं वेगळं काढून त्याच्या नावावर उसनं लिहावं, हे कानाला बरं वाटत नाही, हेही खरं.

माझी बजेटची वही आजीनं पहिल्यांदा नीट बघितली ती ऑगस्टमध्ये, पहिला हप्ता मिळाल्यावर. मी जमेला बाबांचे १७,४०० आणि आईचे ५,५०० मांडले होते. खर्च बेरजेला बरोबर जुळवला होता. तिनं विचारलं, "ह्यात छाट कुठाय?"

आजी निपाणीची. लग्नाआधी ती घरी बसून विड्या वळायची. मजुरी हजारावर. पण हजार वळून हजाराची मजुरी मिळायची नाही. कारखान्यात नेऊन दिल्या की तपासणारा मूठ उचलायचा, एखादी ढिली, एखादीचं तोंड नीट मिटलेलं नाही, त्या काढून टाकायचा. त्याला छाट म्हणायचे. छाटीची मजुरी नाही. म्हणून हजार द्यायच्या तर पन्नास-साठ जास्त वळायच्या. "हजार वळून हजार धरणारी बाई रडत घरी यायची," आजी म्हणाली. "हातात किती पडंल ते धर. छाट काढून."

मी बाबांचा पगार १६,५०० धरला, कारण महिन्याला एखादा खाडा होतोच. आईचे ४,५०० धरले. एकूण २१,०००. खर्च त्यात बसवायचा म्हणजे काहीतरी कापायला हवं होतं. केबल गेली, भावाचं आणि माझं रिचार्ज एकाच्या हॉटस्पॉटवर आलं, रविवारचं मटण महिन्यातून दोनदा झालं आणि उरलेल्या दोन रविवारी अंडी. जास्तीचं जे येईल ते छाटीच्या बटव्यात. आईनं त्यासाठी खणाच्या कापडाचा बटवा शिवला, आत अस्तर लावून. ओटी बंद असलेल्या वर्षात बचत वाढली असं मी म्हणणार नाही, तसं झालेलं नाही. पण छाटीच्या बटव्यात डिसेंबरअखेर ४,३५० रुपये होते.

ते जानेवारीत उपयोगी पडले. फौंड्रीत बाबांच्या पायावर तापलेल्या धातूचा शिंतोडा उडाला. बारा दिवस घरी. औषधपाणी ईएसआयमधून झालं, आणि कामावर इजा झाली तर मजुरीच्या ९० टक्के रक्कमही मिळते. पण ती काही ७ तारखेला पगाराबरोबर येत नाही, आणि दूधवाला ७ तारखेलाच येतो. मधला तो खड्डा बटव्यानं भरला. बाबा पाय खुर्चीवर ठेवून वही वाचत बसायचे. बारा दिवसांत त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. आईच्या दातांचा खर्च 'पुढच्या महिन्यात' म्हणून चार वेळा पुढे गेलेला त्यांना दिसला. त्यांनी काही म्हटलं नाही. पगार झाल्यावर तिला स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेले.

फेब्रुवारीत एका दुपारी आजी म्हणाली, मागचं पान काढ, मी सांगतो तसं लिही. मला वाटलं औषधांची यादी असेल. तिनं सांगितलं, "माझ्या दिवसाचं."

मी पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, "लिही गं. माणूस गेल्यावर घरातली माणसं रडत बसतात, तवा हिशेब कोण करणार?" मग तिनं सगळं एकेक करून सांगितलं. लाकडं, गाडी, कापड. दहावं. तेराव्याचं जेवण, माणसं दीडशे. भटजींची दक्षिणा, मापात. लेकींना लुगडी. गावाकडनं येणाऱ्यांचा जायचा-यायचा खर्च ज्यानं त्यानं करायचा, हेसुद्धा लिहायला लावलं. तिच्या हिशेबानं ४०,००० लागणार होते. त्यासाठीच ती गृहलक्ष्मीचे पैसे साठवत होती. आजोबा २००९ साली गेले तेव्हा बाबांनी महिना पाच टक्क्यांनी पैसे काढले होते आणि दोन वर्षं ते फेडत होते. हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा पाच वर्षांची होते. मला आठवतो तो जेवणातला बुंदीचा लाडू. तोही त्या पाच टक्क्यांतला.

संध्याकाळी बाबांनी ते पान पाहिलं आणि फाडून टाक म्हणाले. "माझी आई हाय. मी काय मेलोय काय खर्च कराय?" आजी म्हणाली, "मागच्या टायमाला केलास की. बघितलाय मी." बाबा जेवले नाहीत. मी पान फाडलं नाही, कारण ते आजीनं सांगून लिहिलेलं होतं, आणि वहीतलं पान फाडत नाहीत एवढं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय.

आई मात्र भांडी घासून झाल्यावर पदराला हात पुसत आली, वही घेऊन दिव्याखाली बसली आणि ती यादी दोनदा वाचली. मग म्हणाली, "आत्ती, दीडशे माणसाला बारा किलो तांदूळ कसा पुरंल? पंधरा तरी धरा."

"आमटी-भात आणि बुंदीच की. बारात होतंय."

"होत न्हाई. माझ्या भावाच्या हितं शंभराला बारा लागला."

"मग पंधरा लिही," आजी मला म्हणाली, आणि जरा थांबून, "पण मामाच्या पोत्यातला घालू नका. चांगला तांदूळ हाय तो, घरात ठेवा. बाजारचा आणा."

आईला हसू आलं. आजीलाही आलं. मग दोघी बराच वेळ तेलाचं माप, भांडी कुणाकडनं भाड्यानं आणायची, बुंदी घरी पाडायची की आचाऱ्याकडून घ्यायची, याच्यावर बोलत होत्या. लग्नघरात बोलतात तसं. जुलैपासून त्या दोघींना इतका वेळ एकत्र बोलताना मी पाहिलं नव्हतं. यादी ४३,००० वर गेली. आईनं वाढवलेल्या तीन हजारांना आजीनं हरकत घेतली नाही.

पुढचे महिने पटकन सांगते. बसचं भाडं जानेवारीतच १५ टक्क्यांनी वाढलं होतं; शक्ती योजनेमुळे आम्हा बायकांना राज्यातला साधा बसप्रवास फुकट आहे, त्यामुळे ती वाढ आमच्या घरी फक्त पुरुषांना लागू झाली. आई माहेरी जाताना महाराष्ट्राची एसटी पकडली तर अर्धं तिकीट पडतं, ते ती अजून 'प्रवास'मध्ये लिहू देत नाही, 'माहेर' असं वेगळं लिहायला लावते. १ एप्रिलपासून नंदिनीचं दूध लिटरमागे ४ रुपयांनी वाढलं, महिन्याला १२० रुपये. त्याच महिन्यात सिलिंडर ५० रुपयांनी वाढला. वहीत लाल पेनानं लिहिलेल्या ओळी बहुतेक एप्रिलच्या आहेत.

लाइटबिलाचा मात्र आमच्याकडे खेळच झालाय. गृहज्योतीत २०० युनिटपर्यंत वीज फुकट असं सगळे म्हणतात, पण तसं सरसकट नसतं. २०२२-२३ मधला आपला सरासरी वापर, अधिक १० टक्के, एवढीच फुकट. वर गेलं तर वरच्याचे पैसे, आणि २०० च्या वर गेलं तर सगळ्याचेच. आमची सरासरी ७१ होती, म्हणजे ७८ युनिटपर्यंत शून्य बिल. बिल कानडीत येतं. आईला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. मी शाळेत शिकले म्हणून वाचून सांगते. लग्नसराईत मशीनची मोटर आणि इस्त्री मिळून ७८ कधीच ओलांडतात. मे महिन्यात ९३ झाले. भाऊ म्हणाला, वरच्या १५ युनिटचे पैसे आईच्या शिलाईच्या खर्चात धरायला हवेत, हिशेबानं ते बरोबर आहे. आई म्हणाली, "मग शिलाईचं पैसं पण माझ्याच हिशेबात धरा." भाऊ गप्प बसला. ती मात्र गप्प बसली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिनं मला मशीनजवळ बोलावलं. आजीचे हप्ते चालू होते; पितृपक्षानंतरचा ऑक्टोबरचा एक सोडला तर चुकला नव्हता. आता जुलैचा धरून ११,००० फिटलेत, ४,००० राहिलेत. बाबांचा ओटी आठवड्यातून दोन दिवस पुन्हा सुरू झालाय. मी शेवटच्या वर्षाला आलेय आणि पुढे एम.कॉम. करायचं की नोकरी बघायची, हा चौकोन पुढच्या जूनमध्ये अजून रिकामा आहे. आजी म्हणते, उसनं लागलं तर सांग, अट तीच. पण आईला त्या दिवशी यातलं काही बोलायचं नव्हतं. तिनं तोंडातली टाचणी काढून उशीला लावली आणि म्हणाली, "मला पण वेगळं पान काढ की. माझ्या नावाचं."

मी मागून चौथं पान काढलं, वर तिचं नाव लिहिलं, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च अशी रेघ मारली. तिनं पहिल्या दिवशी चार ब्लाउज आणि दोन फॉल-पिको लिहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी वही स्वतःच घेऊन लिहिलं. आता ती रोज लिहिते, आणि ते पान मोडून ठेवते. उजवीकडे काय लिहिलंय ते या लेखात घालू का म्हणून मी विचारलं, तर ती नको म्हणाली.